डॉज रात्री पाणी पिते

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते नेमगोंडा अण्णा माझे सख्खे थोरले भाऊ. बरंचसं त्यांनी मला स्वतः सांगितलं, थोडं मी डोळ्यांनी पाहिलं. पदरचं काही घातलेलं नाही. पटलं नाही तर सोडून द्या.

साल पंच्याऐंशी. कोल्हापुरात शाहूपुरीत अण्णांचं गुळाचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत घर. घराला लागून पत्र्याचं गॅरेज. त्यात जुनी डॉज मोटार उभी असायची.

जे झालं ते त्या गॅरेजात झालं. मध्यरात्री नाही, अमावास्येला नाही. रोजच्या दिवेलागणीला.

गाडी बाटलीच्या काचेसारखी हिरवी आणि एवढी लांब, की गल्लीत वळवताना मागे-पुढे करावी लागायची. गल्लीतले लोक तिला रेडा म्हणायचे. अण्णांचा तिच्यावर जीव होता. राजमती वहिनींचाही होता, पण त्यांची एक अट होती.

आम्ही जैन. आमच्या घरात गाळल्याशिवाय पाणी कुणी पीत नाही. वहिनी गाडीलाही गाळलेलंच पाणी घालायच्या. जुन्या पांढऱ्या लुगड्याचं फडकं दुहेरी करून कळशीच्या तोंडाला बांधायचं, पाणी गाळायचं आणि मगच ते रेडिएटरमध्ये ओतायचं. अण्णा हसले की म्हणायच्या, "इंजिनात उकळून मरायला त्या जिवांनी काय पाप केलंय?"

दिवस बुडाल्यावर त्या खात नव्हत्या आणि पाणीही पीत नव्हत्या. तापानं फणफणल्या तरी नाही. लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचा त्यांचा नेम होता तो.

आदल्या वर्षी त्या माहेरी, गडहिंग्लजला गेल्या होत्या. तिथं छातीत दुखायला लागलं. अण्णांनी त्यांना डॉजच्या मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी कोल्हापूरकडे काढली. आमची थोरली बहीण अक्काताई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कागल मागे पडलं तेव्हा दिवस बुडाला होता. वहिनींचे ओठ सुकून पांढरे झाले होते. अक्कानं तांब्या ओठांना लावला.

वहिनींनी तो हातानं सारला.

"दिवस बुडाला, अक्का."

एवढंच बोलल्या. कोल्हापूर यायच्या आधी गेल्या.

बायको गेलेल्या माणसाचं घर बाहेरून तसंच दिसतं. चूल पेटते, माणसं जेवतात. तो मात्र हाक मारायला तोंड उघडतो आणि मिटतो. अण्णांचं तसं झालं होतं. त्यांच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती. ती तहानलेली गेली.

पुढे एका सकाळी त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं.

रेडिएटर कोरडा...

आदल्या दिवशीच भरला होता. त्यांनी पुन्हा भरला. दुसऱ्या सकाळी पुन्हा कोरडा. खाली फरशीवर ओल नाही, नळीला पाझर नाही.

मग गाडी दुरुस्त करणाऱ्या रशीद मिस्त्रीला बोलावलं. त्यानं ती दिवसभर स्वतः फिरवली, उघडून पाहिली आणि संध्याकाळी हात पुसत आला. फडक्याकडे बघत बोलत होता.

"अण्णा, गाडी दिवसा थेंब पीत न्हाई. गॅरेजात उभी केली की रातीत सगळं जातंय."

"कुठं जातंय?"

"ते मला इचारू नका. मी लोखंडाचा मानूस हाय."

त्या दिवशी अण्णांनी दिवस बुडायच्या आधी जेवण उरकलं, वहिनींचं फडकं शोधून काढलं, पाणी गाळलं, रेडिएटर भरला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून गाडीत बसून राहिले.

बाहेर अंधारून आलं.

गल्लीतला आवाज कमी झाला.

आणि पुढून, बॉनेटच्या खालून आवाज आला... घट्... घट्... घट्.

तांब्या वर धरून तहानलेलं माणूस पितं, तसा.

मग मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली आणि कुणीतरी खोकलं. बारीक, कोरडं, शेवटी जरासं अडकलेलं. वहिनींचं खोकणं घरातल्या लेकरालासुद्धा ओळखू येत होतं.

अण्णा भ्याले नाहीत. ते रडले.

"पी," म्हणाले. "पोटभर पी."

तिथून त्यांचा दिवस गॅरेजाभोवती फिरू लागला. दुकानातून लवकर उठायचे, पाणी गाळायचे, गाडीत बसायचे. एका रेडिएटरवर भागेना, म्हणून मागच्या सीटखाली कळशी ठेवू लागले. सकाळी तीही रिकामी. अण्णा वाळत चालले होते. गालफडं बसली, हाताची कातडी सुरकुतली. आम्हाला वाटलं, दुःखानं.

त्याच सुमाराला त्यांचा मुलगा पार्श्वनाथ यानं नोंदवलेल्या मारुतीचा नंबर लागला.

पार्श्वनाथ तापट. त्याचं म्हणणं सरळ होतं. गॅरेजात एकच गाडी मावते. डॉज पेट्रोल खाते, सुटे भाग मिळत नाहीत, आईला घेऊन येताना ही गाडी घाटात कशी धापा टाकत होती ते सगळ्यांना माहीत आहे. ती विकायची आणि मारुती आत घ्यायची. अण्णा ऐकत नव्हते. बाप-लेकांची जेवणं वेगळी झाली.

"अण्णा, लोक काय म्हणत्यात ऐका. गाडीला पाणी पाजतोय म्हणं तुझा बा."

"म्हणू देत की."

"उद्या चारा घालशिला."

अण्णांनी ताट सारलं. "तुझी आई हाय त्या गाडीत. गाडी विकली तर ती तहानेली कुणाच्या दारात जायची?"

पार्श्वनाथ उठला. रागानं गॅरेजात गेला आणि डॉजच्या बॉनेटवर थाप मारली. गाडीचं पुढचं दार उघडं होतं, ते लावायला त्यानं हात घातला.

दार आपोआप मिटलं...

त्याच्या बोटांवर. वारा नव्हता. दार सुटेना म्हणून तो ओरडला. अण्णा धावत आले तेव्हा ते सहज उघडलं. दोन बोटं मोडली होती.

अण्णा पोराला म्हणाले, "तू तिला बोललास म्हणून." पार्श्वनाथनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पाहणं अण्णा शेवटपर्यंत विसरले नाहीत.

पण पार्श्वनाथ हटला नाही. त्यानं गडहिंग्लजचं एक गिऱ्हाईक गाठलं. सयाजी नाव. लग्नाच्या वरातीला गाड्या भाड्यानं द्यायचा, त्याला अशीच जुनी, ऐसपैस गाडी हवी होती. तो उन्हं कलताना आला. गाडीभोवती फिरला, खूश झाला. फेरी मारून येतो म्हणून एकटाच बाहेर पडला.

बराच वेळ झाला. दिवस बुडाला.

सयाजी चालत परत आला.

गाडी त्यानं कावळा नाक्याच्या पुढे रस्त्यावरच सोडली होती. किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि एक हात मानेवर तसाच धरून म्हणाला, "गाडी नको, पावणं. मागं बसलेल्या बाईला आधी उतरवा."

पार्श्वनाथनं विचारलं, कसली बाई.

"मी आरशात बघितलं न्हाई. बघायचं धाडस झालं न्हाई. पर खोकणं बाईचं होतं, आणि तिनं माझ्या मानेला तोंड लावलं."

त्यानं हात काढला. मानेवर ओठाएवढ्या जागेची कातडी सुकून आक्रसली होती. खारकेसारखी.

पार्श्वनाथचा चेहरा उतरला. अण्णांना मात्र, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. राजमतीला आपल्याला सोडून जायचं नाही, असा त्यांनी अर्थ काढला. स्वतः जाऊन गाडी घेऊन आले.

हे ऐकून दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काताई आली. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण बोलणं टणक. तिनं अण्णांना समोर बसवून सगळं वदवून घेतलं. पाणी, खोकला, सयाजीची मान. अण्णा सांगत होते आणि ती मान हलवत होती.

एका ठिकाणी ती थांबली.

"पाणी कवा जातंय म्हणालास?"

"रातीत."

"रातीत."

 मग अक्का हळू आवाजात म्हणाली,

"नेमू, माझ्या हातातला तांब्या तिनं सारला. जीव जाताना सारला. ती आता रातीत पाणी पितीय व्हय?"

अण्णा मला म्हणाले होते, "त्या वेळी भर दुपारी माझे पाय गार पडले."

मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रात्रीत जातंय. सगळ्यांनी ऐकलं होतं. जैनाच्या घरात हे कुणाच्या ध्यानात येऊ नये?

मग इतके दिवस अण्णांनी पाणी कुणाला पाजलं?

अक्का म्हणाली, आता तिकडे जाऊ नको. पण अण्णांना खात्री हवी होती. त्या संध्याकाळी ते गॅरेजात गेले. पाणी नेलं नाही. गाडीत बसले नाहीत, दाराशी उभे राहिले. पार्श्वनाथ, हाताला पट्टी बांधलेला, अंगणात थांबला होता.

दिवस बुडाला.

आधी काहीच नाही. घट्-घट् नाही, खोकला नाही.

मग मागच्या सीटवरून...

"पाणी."

वहिनींचाच आवाज. तसाच थकलेला, शेवटच्या दिवशी होता तसा.

अण्णांचा हात आपोआप दाराशी ठेवलेल्या रिकाम्या कळशीकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला.

"दिवस बुडालाय, राजमती," ते म्हणाले.

आत शांत झालं.  अण्णांना क्षणभर वाटलं, आता ती म्हणेल, हो, विसरले मी.

गाडीची काच आतून धुरकटली. कुणीतरी अगदी जवळ तोंड आणून श्वास सोडल्यासारखी...

"नेमगोंडा. पाणी आण."

राजमती वहिनींनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा लाजून पदर तोंडाला लावायच्या.

अण्णा अंगणात कसे आले ते त्यांना आठवत नव्हतं. पार्श्वनाथनं त्यांना धरलं. त्यानंही ते दुसरं वाक्य ऐकलं होतं. त्यानंतर तो गाडीबद्दल चढ्या आवाजात कधी बोलला नाही.

गॅरेजला कुलूप लागलं. त्या संध्याकाळी डॉजला पाणी मिळालं नाही.

सकाळी अण्णा उठले नाहीत.

ओठ फुटून रक्त सुकलेलं. जीभ टाळूला चिकटलेली. डोळे आत गेलेले. दवाखान्यात सलाइनच्या बाटल्या लावल्या. डॉक्टर विचारत होते, जुलाब किती झाले, उलट्या किती झाल्या. एकही झाली नव्हती. अंगातलं पाणी गेलं कुठं, हे त्यांना कळेना. रशीद मिस्त्री भेटायला आला होता. तो भिंतीला टेकून खाली बघत राहिला.

मी तिथंच होतो. पार्श्वनाथ म्हणाला, आजच भंगारवाल्याला देतो. अण्णांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि मान हलवली. नको.

जरा बरे झाल्यावर बोलले.

"सयाजीची मान बघितलीस न्हवं? ज्याला विकीन त्याच्या घरात घालीन हे. भंगारवाल्यालाबी लेकरं हायेत."

आधी ती गाडीत आहे म्हणून विकत नव्हते. आता ती नाही म्हणून विकेनात.

मारुती आली. पांढरी, छोटी. पार्श्वनाथनं ती गॅरेजात ठेवली. डॉज माझ्याकडे आली, वारणानगरच्या वाटेवर आमच्या मळ्यात, गुऱ्हाळाच्या जुन्या छपरात. अण्णाही तिच्याबरोबर आले. रोज दिवस कलला की दोन कळश्या भरायचे, एक रेडिएटरात ओतायचे, एक मागच्या सीटखाली ठेवायचे आणि मागे न बघता घरात यायचे. फडकं त्यांनी पेटीत ठेवून दिलं. पाणी गाळत नव्हते. म्हणायचे, "ते राजमतीचं हाय. ह्याला कशाला?"

रोजच्या रोज पाणी मिळालं, की ते कुणाला शिवत नव्हतं. अण्णा त्या छपराकडे पाठ करून बसायचे. एकदा मी विचारलं, आवाज येतो का अजून. म्हणाले, "येतो. रोज तिच्याच आवाजात मागतंय. पर मला ठावं हाय, ते राजमती न्हाई. तेवढ्यावर मी जगतोय."

अण्णा गेले त्याला दोन वर्षं झाली. साधं मरण आलं, झोपेत. आता पाणी मी घालतो. विकायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला. पुण्याच्या एका हौशी माणसानं विचारलं होतं. मी नाही म्हणून कळवलं.

इथवर सगळं ठीक होतं.

गेल्या चैत्रात माझी बायको गेली.

परवा दोन कळश्या घेऊन छपरात गेलो. मळ्यातल्या पंपाच्या मोटारीत बिघाड झाला होता, म्हणून उशीर झाला, दिवस बुडाला होता. कळशी सीटखाली ठेवली आणि वळलो. तेव्हा मागून बांगड्या वाजल्या...

डाव्या हातातल्या, चिरलेल्या एका बांगडीसह. तो आवाज मला ठाऊक आहे.

"अहो," आवाज आला. "जरा पाणी द्या की."

अण्णांना ओळखायला एक खूण होती. वहिनी रात्री पाणी पीत नव्हत्या.

माझी बायको आजारी होती. डॉक्टरांच्या गोळ्या रात्रीच्या होत्या. तिनं नेम मोडला होता. शेवटची दोन वर्षं रोज रात्री मला उठवून ती असंच म्हणायची.

मी मागे बघितलं नाही. अजून तरी नाही.

पण काल फडकं पेटीतून काढलं आणि पाणी गाळून नेलं.