शालिग्रामच्या कमानी

१९६४ साली मी जानेफळच्या एका दवाखान्याची जीप चालवत असे. मेहकरचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. पोचेपर्यंत पेशंट अर्धमेला होई. म्हणून डोणगावच्या शालिग्राम लोहाराला जीपच्या चाकांवरच्या नव्या कमानी, म्हणजे हादरे झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, करायला सांगितल्या. हातोडा उचलण्याआधी आठ दिवस तो त्या रस्त्यावर अनवाणी चालला. मध्येच बसे, तळहात टेकवून राही.

असा कारागीर मी पुन्हा पाहिला नाही. कमानीच्या पट्ट्या एकमेकींवर अशा बसल्या होत्या, की मधून कागद जाईना. पण नवल वेगळंच होतं. चाक खड्ड्यात पडण्याआधीच गाडी त्या बाजूने हलकेच उचलली जाई. मी खडूने खुणा करून मोजलं. दर वेळी दोन हात आधी. लोखंडाला पुढचं दिसत नाही, एवढं मला कळत होतं. शालिग्रामला विचारलं, तर त्याने कमानीवर तळहात टेकवला.

भाद्रपदात गावातल्या पुंजाजीची बायको सुभद्राबाई माळ्यावरून पडली. पाठीचं हाड मोडलं होतं. एक हादरा बसला तरी पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या दिवशी कमानी पाहायला आलेला शालिग्राम आपणहून मागे येऊन बसला.

गाडी पाण्यावरून जावी तशी गेली. बाईला चक्क झोप लागली. पुंजाजीचे डोळे भरून आले होते.

अर्ध्या वाटेवर बाभळीजवळ रस्ता चांगला सपाट होता. तिथेच गाडी डावीकडून उचलली गेली.

"इथं तं काहीच नाही," पुंजाजी म्हणाला.

"होईल," शालिग्राम म्हणाला.

मेहकरला सुभद्राबाईने पायांची बोटं हलवून दाखवली. तिथले डॉक्टर गाडीखाली वाकून कमानी पाहू लागले. शालिग्राम तिथूनच डोणगावला निघून गेला.

दुपारी मी एकटा परतलो. बाभळीजवळ गुडघाभर खड्डा पडला होता. माती अजून कडेवरून ओघळत होती.

मी बाजूने गाडी काढली आणि घरी आलो.

अंगण सारवलेलं, तळहातासारखं सपाट. दारापाशी गाडी उचलली गेली. आधी पुढून, मग मागून. अगदी हळू.

मी उतरून पाहिलं. काही नव्हतं.

बायकोला, अन्नपूर्णाला, म्हटलं, आजपासून दारापाशी बसू नको, आत बस.

"काऊन? इथं वारा लागते," ती म्हणाली आणि सूप घेऊन नेमकी तिथेच बसली.