चुकलं की पहिल्यापासून

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. बरंचसं सुचेताताईनेच सांगितलं. शेवटचं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं.

मागच्या नोव्हेंबरातला मंगळवार. भोपाळ, कोलार रोड. वेळ दिवेलागणीची.

सुचेताताई माझी मावसबहीण, नागपूरची. तिच्या नवऱ्याची, उदयरावांची, नोकरी भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यात, म्हणून कोलार रोडला तळमजल्याचं घर भाड्याने घेतलेलं. मुलगी जुई आठ वर्षांची. शाळेत इंग्रजी, अंगणात हिंदी. "आई, मेरेको भूक लगी" म्हणाली की ताईच्या कपाळाला आठी पडायची.

म्हणून ताईने परवचा सुरू केला. देवापाशी दिवा लागला की पोरीने मांडी घालून बसायचं आणि मोठ्याने मराठीत पाढे म्हणायचे.

नियम एकच. चुकलं की पहिल्यापासून.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही," असं ताई म्हणायची. लहानपणी आम्ही तिला हेडबाई म्हणायचो, ते काही उगाच नाही.

दिवाळीपर्यंत जुई तिसापर्यंत पोचली. मग पावकी, म्हणजे पावाचा पाढा. मग निमकी, अर्ध्याचा. ताईला वाटलं, उदयराव शिकवतात. उदयरावांना वाटलं, ताई शिकवते.

ताईने कौतुकाने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. जुई औटकी म्हणत होती. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा, थेट शंभरपर्यंत!

माझ्या आईने लगेच फोन लावला. "अगं सुचेता, औटकी आम्हालासुद्धा कधी आली नाही. हिला कोणी शिकवली?"

ताईने जुईला विचारलं.

"वो पीछे बैठके बोलते हैं ना," जुई म्हणाली. "मी त्यांच्यामागून म्हणते."

जुई भिंतीला टेकून बसायची. तिच्या मागे... नुसती भिंत होती.

दुसऱ्या दिवशी तो मंगळवार. ताईने ठरवलं, आजपासून परवचा बंद. कुकर चढवला, दिवा लावला, वळून बघते तर जुई आपणहून जाऊन बसलेली.

"एक औट साडेतीन. बे औट सात..."

"आज नाही म्हणायचं, बाळा. ऊठ."

"तीन औट साडेदहा..."

"जुई, ऊठ म्हणते ना!"

जुई अडखळली.

टक्...

फरशीवर लाकडी पट्टी आपटावी तसा आवाज आला. त्या घरात लाकडी पट्टी नव्हती.

"एक औट साडेतीन," जुईने पुन्हा सुरू केलं.

ताईने तिला काखेत धरून उचलायला बघितलं. मांडी सुटेना. एवढीशी पोर, पण जागची हलेना. ओढाताणीत जुई चुकली.

टक्...

ताई दाराकडे धावली. कडी सरकेना. ती दोन्ही हातांनी दार बडवत शेजारणीला हाका मारू लागली. "शशिकलाभाभी! भाभीजी!"

टक्...

जुईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालूच होतं. "एक औट साडेतीन..."

तेव्हा ताईच्या लक्षात आलं. आपण आवाज करतो, म्हणून पोर चुकते. आणि चुकलं की काय होतं, ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. नियम तिचाच होता.

तोंडावर ओढणी दाबून ती जुईसमोर बसली. श्वाससुद्धा जपून घेत होती.

वीस झाले. तीस झाले. चाळीस.

"चव्वेचाळीस औट एकशे..."

कुकरची शिट्टी झाली.

टक्...

ताई अनवाणी, चवड्यांवर गेली आणि गॅस बंद केला. फोनचा आवाज बंद केला, पंखाही. पुन्हा येऊन बसली. जुईचा गळा बसला होता. घोटभर पाणी द्यायची सोय नव्हती. त्या तासाभरात आपण देवाला काय काय कबूल केलं, ते ताईला आजही सांगता येत नाही.

साठ. ऐंशी. शहाण्णव औट तीनशे छत्तीस.

बाहेर उदयरावांची स्कूटर थांबली. फाटकाशी आले की ते हॉर्न द्यायचे. रोज.

ताईने डोळे घट्ट मिटले.

"शंभर औट साडेतीनशे."

आणि हॉर्न वाजला.

जुईची मांडी सुटली, ती ताईच्या कुशीत कोसळली. दाराची कडी आपोआप सैल झाली. पाणी पिऊन जुई बसक्या आवाजात म्हणाली, "आई, ते म्हणतात... आता तू बस."

आठवड्याच्या आत त्यांनी घर सोडलं. आधी तिथे कोण राहायचं, असं उदयरावांनी घरमालकाला विचारलं. "कोई नहीं, भाईसाहब. यहाँ तो खाली प्लॉट था," तो म्हणाला.

आता ते मंडीदीपलाच राहतात. जुई ठणठणीत आहे. तिला आता बेचा पाढासुद्धा येत नाही.

पण सात वाजले की ताई भिंतीशी जाऊन बसते. गळा पार बसला की सुटते. शंभरपर्यंत अजून एकदाही पोचलेली नाही. उदयरावांनी आम्हाला बजावून ठेवलंय, "सात ते नऊ फोन करू नका."

परवा मी विसरले.

आईची पंच्याहत्तरी ठरली होती, त्या आनंदात नंबर लावला. फोन उचलला गेला, पण कोणी बोललं नाही. लांबून ताईचा घोगरा आवाज येत होता.

"ब्याण्णव औट तीनशे बावीस. त्र्याण्णव औट..."

"ताई! अगं, ऐकू येतंय का?" मी ओरडले.

आवाज थांबला.

टक्...

मग ताई रडत रडत म्हणाली, "एक औट साडेतीन."

फोनवर जुई होती. अगदी हळू आवाजात म्हणाली, "मानसीमावशी, आज ती पहिल्यांदाच एवढी पुढे गेली होती."

मी फोन ठेवला नाही. बटण दाबलं तर तेवढ्यानेही आवाज होईल, अशी भीती वाटली. कान लावून तशीच बसून राहिले.