बाकी उरलेली शेंग

"इंजिनिअरिंगची जागा सोडून आलीस? आणि होणार कोण, तर मास्तरीण!"

कामावरून नुकत्याच परतलेल्या चन्नबसप्पाच्या आवाजाने गदगच्या त्या घराच्या भिंती थरारल्या. त्याची एकुलती एक लेक चैत्रा खांबाला टेकून उभी होती. मान खाली, पण डोळ्यांत माघारीची खूण नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात त्याची थोरली, अविवाहित बहीण नीलांबिका पदराचं टोक मुठीत आवळून उभी होती... 'मास्तरीण' हा शब्द भावाने थुंकल्यासारखा उच्चारला आणि तिच्या काळजात खोल कुठेतरी कळ उठली.

आई गेली तेव्हा धारवाडच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात तिची निवड झाली होती. पण धाकटा भाऊ चन्नू लहान होता. तिला कुणी थांबवलं नव्हतं, आणि कुणी 'जा' असंही म्हटलं नव्हतं! मग शिवणयंत्रावर डोळे आणि तारुण्य दोन्ही झिजवून तिने भावाला इंजिनिअर केलं, आणि त्याचा संसार थाटल्यावर तिची जागा मात्र या उंबऱ्यापाशी कायमची ठरून गेली.

"तिला काय विचारता? आपल्या बहिणीला विचारा," त्याची बायको विजयालक्ष्मी फणकारली. "दुपारभर दोघींची कुजबुज चालते. स्वतःचं काही झालं नाही, आता दुसऱ्याच्या पोरीचंही होऊ द्यायचं नाही!"

"अव्वा, अत्तेला मध्ये ओढू नकोस..." चैत्रा आईला म्हणाली.

"तोंड बंद कर!" चन्नबसप्पा गरजला. "आजपासून मला मुलगी..."

पुढचा शब्द बाहेर पडला असता, तर तो कधीच मागे घेतला गेला नसता. भावाचा हट्ट नीलांबिकेइतका कोण ओळखत होतं! ती झटकन पुढे झाली.

"तिला काही बोलू नकोस, चन्नू. मीच भरवलं तिच्या डोक्यात."

हे धादांत खोटं होतं. या वाटेला जाऊ नकोस, घर पेटेल, असं तिने चैत्राला हात जोडून विनवलं होतं.

"वाटलंच मला!" त्याचे डोळे विस्तवासारखे झाले. "माझं अन्न खाऊन माझ्यावरच सूड उगवलास, अक्का? चालती हो!"

माझं अन्न...! आत जाऊन नीलांबिकेने दोन लुगडी पिशवीत कोंबली. ती दाराशी पोचते तोच चैत्रा आडवी आली.

"अत्ते खोटं बोलतेय, अप्पा! मला तुम्ही या वाटेला लावलंत. तुम्ही!"

"मी?"

"तिसरीत मला भागाकार येत नव्हता. बाईंनी सगळ्यांसमोर मला दगड म्हटलं होतं. तुम्ही साइटवरून आलात, बूटसुद्धा न काढता जमिनीवर बसलात, भाजलेल्या शेंगा माझ्या बाहुल्यांना वाटायला लावल्यात... आणि एक उरली, ती माझ्या तोंडात घालून म्हणालात, 'ही बाकी. बाकी नेहमी शिकणाऱ्याची!' मला भागाकार आला, अप्पा, आणि तुम्ही लहान मुलासारखे टाळ्या पिटत हसलात. इतके पूल बांधलेत, पण त्या दिवसासारखा तुमचा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही. मला माझा चेहरा तसा हवाय... रोज!"

चन्नबसप्पाचा उगारलेला हात हवेतच राहिला. त्याची नजर हळूहळू बहिणीकडे वळली. ते शब्द त्याचे नव्हतेच. आईविना पोरक्या झालेल्या, पाटी फोडणाऱ्या चन्नूला मांडीवर घेऊन, त्याच्या तोंडात शेंग घालून ते पहिल्यांदा कोण म्हणालं होतं...!

"अक्का..." त्याने हात खाली घेतला. "मी फार छळलं का गं तुला, शिकताना?"

"फार!" तिच्या डोळ्यांतून घळघळा आसवं वाहू लागली. "वाटण्याआधीच सगळ्या शेंगा खाऊन टाकायचास, मेल्या!"

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. ती आत नेऊन ठेवेल असं साऱ्यांना वाटलं; पण त्याने ती चैत्राच्या खांद्याला अडकवली.

"उद्या हिला घेऊन धारवाडला जा, अक्का. हिचं कॉलेज बघून ये..." तो खाली मान घालून पुटपुटला. "तू आतून कधी पाहिलंच नाहीस ना ते."

"आणि मग इथली चूल?" विजयालक्ष्मी कडाडली.

"ती आपण दोघं बघू," तो म्हणाला, आणि हुंदक्यांनी गदगदणाऱ्या थोरल्या बहिणीच्या पायांशी, बूट न काढताच, जमिनीवर बसला.