खंडेरावाची वही

शरच्चंद्र दीक्षितांची काही मतं दगडावरची रेघ होती. गाडीच्या छपराला खिडकी म्हणजे थेरं. टायरमधली हवा दर रविवारी स्वतः बघायची. आणि गाडीत गाणी लावणाऱ्याला गाडीतलं काही कळत नाही, कारण गाडी हीच ऐकायची गोष्ट आहे. रामकुंडावर पूजा सांगणाऱ्या घरात जन्मून हा माणूस आयुष्यभर कार्ब्युरेटर पुसत बसला, असं त्यांची बायको शुभांगी म्हणायची. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या रविवारी सकाळी स्वारी भलतीच खुशीत होती. अकरा वर्षं ताडपत्रीखाली झोपलेली रॅलीची एस्टीम पहिल्याच किल्लीला सुरू झाली होती. डिसेंबरच्या रॅलीत आपण चालवायचं आणि लेक मृण्मयीनं नॅव्हिगेटर म्हणून शेजारी बसायचं, हे जवळजवळ ठरलं होतं. जवळजवळच, कारण शुभांगीची अट होती.

"आज एक फेरी मारून या," ती म्हणाली होती. "परीक्षा गाडीची नाही, तुमची आहे. अठ्ठावन्न झालीत. जरा कुठं दुखलं-खुपलं, की गाडी विकायची."

म्हणूनच पहाटेपासून डावा हात ठणकतोय हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. पॉवर स्टीअरिंग नसलेली गाडी, आठवडाभर पुढेमागे केलेली; हात दुखणारच. छातीत जळजळत होतं, ते मिसळीचं.

गाडीत शेजारी बसलेल्या मृण्मयीच्या मांडीवर खंडेरावाची वही होती. मखमलाबादचा खंडेराव, शेवंतीच्या मळ्यातला, त्यांचा जुना नॅव्हिगेटर. चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला. त्याच्या बायकोनं, भागुबाईनं, गेल्याच आठवड्यात वही आणून दिली होती. "माळ्यावर व्हती. तुमच्याच कामाची हे," एवढंच म्हणाली.

दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधला हाच रस्ता त्यात वळणावळणानं लिहिला होता. एक आकडा म्हणजे बैलगाडीच्या चालीचं वळण, सहा म्हणजे ब्रेकला पायही लावायचा नाही; त्यानंतरचा आकडा म्हणजे पुढच्या वळणापर्यंतचे मीटर. शरच्चंद्रांनी लेकीला नियम सांगितला, "लिहिलंय तेच वाचायचं. मनचं घालायचं नाही, मनचं गाळायचं नाही. ड्रायव्हर वहीत बघत नाही आणि वाद घालत नाही."

"बाबा, इथं 'जप' लिहिलंय. कुठला जप?"

शरच्चंद्र खदखदून हसले. "शोभतेस भटाघरची! जप म्हणजे सांभाळ. खंडेरावाचा शब्द आहे तो. लय धोका असला की जप जप."

ती वाचू लागली. ऊन कोवळं होतं, बागांमध्ये छाटणी चालली होती, औषधाच्या फवाऱ्याचा वास काचेतून आत येत होता. "डावा पाच, शंभर. उजवा चार, विहीर, कापू नको." पोरीचा ताल बरोब्बर होता. शब्द कानावर पडायचा आणि वळण समोर यायचं. असं सुख त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

"उजवा तीन, ट्रॅक्टर, जप जप."

त्यांनी ब्रेक दाबला. वळणाच्या पलीकडे बागेतून फवारणीचा ट्रॅक्टर आडवा बाहेर आला. चालकानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"चांगला बघितलास गं."

"मी कुठं बघितला? मी वहीत बघत होते."

वहीत हलणारी गोष्ट कुणी लिहीत नाही. वळण, बांध, विहीर. आज जिथं आहे तिथंच उद्याही असेल तेवढंच लिहायचं. तेव्हाही इथं ट्रॅक्टर उभा असेल, खंडेराव मुळात चावट, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि गिअर टाकला.

"डावा चार," मृण्मयी म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला. "लाल लुगडं, डोक्यावर काड्या. जाऊ दे तिला."

त्यांनी गाडी थांबवली. लाल लुगड्यातली म्हातारी छाटलेल्या काड्यांचा भारा घेऊन सावकाश रस्ता ओलांडून गेली.

"बाबा, असं लिहितात?"

"नाही."

पुढचं पान उलटून ती नुसतीच बघत राहिली.

"काय झालं? आहे तसं वाच."

"फरशीवर थांब. पुढं पोरीला चालवू दे."

खंडेरावानं ही वही लिहिली तेव्हा मृण्मयी तिसरीत होती.

ओढ्यावरच्या फरशीवर, त्या बुटक्या पुलावर, गाडी थांबवून ते उतरले. दाराला धरून क्षणभर उभे राहिले. सदरा पाठीला चिकटला होता, ऑक्टोबरचं ऊनच तसलं. मग डावीकडे बसून त्यांनी वही हातात घेतली.

तिनं गाडी उचलली ती हिसका न देता. दुसरा, तिसरा, गिअर लोण्यासारखे पडत होते. त्यांना भरून आलं. हिला आपणच शिकवलं, हे कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं.

"उजवा चार," ते वाचू लागले. "डावा पाच, बांध."

समोर तिठा दिसू लागला. उजवीकडे म्हसरूळ, घर, शुभांगीचा चहा. डावीकडे दिंडोरी.

"बाबा, पुढं?"

त्यांनी ओळ पाहिली. पुन्हा पाहिली.

'उजवा' म्हणायचं, बस्स. ती वहीत बघणार नव्हती. उजवीकडे डिसेंबर होता.

"बाबा, लवकर!"

डावा हात आता उचललाच जात नव्हता.

"डावा दोन," ते म्हणाले. "घरी नको. दवाखाना."

तिनं वाद घातला नाही. गाडी वळली.

वहीत खाली आणखी एक ओळ होती. तिच्यात वळण नव्हतं, अंतर नव्हतं. खंडेरावाच्या अक्षरात 'हाती सात मिनिटं' लिहिलं होतं, आणि त्यातलं सात खोडून सहा केलं होतं.