पाळकीणबाईंची खोटी प्रार्थना

तिसरी वाटी आली तेव्हा प्रिसिलाला संशय आला.

पहिल्या दिवशी साळवेंच्या सुनेने शेवयांची खीर आणून दिली, तेव्हा जास्त झाली असेल असं तिला वाटलं. मग कुणीतरी उकडलेल्या शेंगा आणल्या. मग शिरा आला. वाटी देणारा प्रत्येक जण तिचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवायचा आणि वर म्हणायचा, "पाळकीणबाई, धीर धरा." कशाबद्दल धरायचा, ते काही कुणी सांगेना.

हे सगळं चालायचं ते सकाळी ऊन चढायच्या आत. जीवघेण्या उन्हामुळे उन्हाळी बंदी लागली की दिवस वर आल्यापासून मावळेपर्यंत श्रीरामपुरात रस्त्यावर यायला मनाई असे. चर्चचं छत पत्र्याचं, त्यामुळे उपासना बंद पडली होती आणि चर्चच्या जागी घरोघरी धीरवाणी आली होती. पोळीच्या डब्याएवढं यंत्र. ते घरातली बोलणी ऐके, आवाजातला कंप आणि श्वासाची लांबी मोजे, आणि त्या घराला त्या दिवशी लागेल असा शास्त्रपाठ रोज पहाटे वाचून दाखवे. वर दोन-चार वाक्यं धीराची. आवाज ना बाईचा, ना बाप्याचा. मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी आधी त्याला नावं ठेवली. मग त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, म्हणजे ते घरातलं झालं.

आणि मग साक्षी वाढल्या. रविवारी यंत्रातूनच सगळी घरं जोडली जात आणि ज्याला प्रभूचा अनुभव आला तो सांगे. कुणाला हवं तेच औषध शेजाऱ्याने न मागता आणून दिलेलं. कुणाच्या दारात नेमकी रिकाम्या दिवशी ज्वारी येऊन पडलेली. प्रिसिलाचा नवरा शलमोन उजागरे, त्या चर्चचा पाळक, अगदी हरखून गेला होता. चर्चला कुलूप लागलं आणि घराघरात जागृती आली, असं तो तिला रोज सांगायचा. ती "हूं" म्हणायची.

तिला आठवत होतं ते एवढंच, की वाट्या सुरू व्हायच्या आदल्या दुपारी ती मेथी निवडत बसली होती आणि घरात कुणी नव्हतं. त्या मंडळीत एकट्यानेसुद्धा मोठ्यानेच प्रार्थना करतात. देवानं तोंड दिलंय ते काय फक्त भाकरीला, असं तिची आई म्हणायची. मागच्या उन्हाळ्यात ओळखीच्या इतक्या माणसांना माती द्यावी लागली होती, की कबरीशी उभं राहून गायिलेली गीतं तिच्या घशात अडकून बसली होती. त्या दुपारी तिने डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभू, तू ऐकतोस असं मला आता वाटत नाही. पाळकाची बायको मी. हे कुणाला सांगू?"

बस, एवढंच. आणि आता गाव तिला शिरा खाऊ घालत होतं.

आधी तिने नवऱ्यावर संशय घेतला. पण तो त्या दिवशी सकाळीच एका आजाऱ्याला भेटायला गेला होता आणि बंदी उठेपर्यंत तिकडेच होता. मग भिंतीपलीकडच्या शेजारणीवर घेतला. पण ती ठार बहिरी, तिच्या कानावर घालायचं तर दवंडीच पिटायला हवी. उरला तो क्रोशाचा रुमाल.

संशयी बाई परीक्षा घेतल्याशिवाय राहत नाही. प्रिसिलाला कारलं डोळ्यांसमोर नको असे. तिच्या घरात ते कधी शिजलं नव्हतं आणि हे गावाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी नवरा अंघोळीला गेल्यावर ती पदर घेऊन यंत्रासमोर बसली. "प्रभू," ती म्हणाली, "कारल्याचं लोणचं खावंसं वाटतंय रे." म्हणताना जीभ अडखळली. जो ऐकत नाही असं आपण म्हणतो, त्याच्याशी खोटं बोलायला भीती कसली वाटावी, हा प्रश्न तिने तिथेच दाबून टाकला.

सकाळी गल्लीपलीकडच्या एस्तेरबाई वाघचौरे बरणी घेऊन दारात.

"सलाम, पाळकीणबाई."

"सलाम. काय आणलंत?"

"हसू नका. कारल्याचं लोणचं." एस्तेरबाई स्वतःच ओशाळल्या होत्या. "तुम्ही खात नाही ते माहीत आहे मला. पण पहाटे प्रार्थनेनंतर मनात आलं, की जवळच्या कुणालातरी कडू खायची वासना झालीय. मग तुमचंच नाव आलं. मी म्हटलं, प्रभू, त्या फेकून मारतील बरणी. पण आलेच."

"मनात आलं, का त्या डब्यानं सांगितलं?"

एस्तेरबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की प्रिसिलाला आपलंच बोलणं आगाऊ वाटलं. "डबा वाचून दाखवतो. सुचवणारा वेगळा," त्या म्हणाल्या. मग उंबऱ्यावरच टेकून सांगू लागल्या. मालक गेल्यापासून त्यांना कुणी काही मागितलं नव्हतं. खाटेवर पडून छताच्या पत्र्याकडे बघायचं आणि जेवायला उठायचं, एवढंच. आता पहाटे उठताना वाटतं, आज देवाला आपल्याकडून काय हवं असेल.

प्रिसिलाच्या ओठांवर आलेलं सत्य तसंच परत गेलं. तिने बरणी घेतली. एस्तेरबाई बघत होत्या म्हणून एक फोड तोंडातही घातली.

त्या गेल्यावर तिने शलमोनला समोर बसवलं आणि सरळ विचारलं. चष्मा पुसत त्याने सांगितलं. बुधवारच्या प्रार्थनासभेत आजाऱ्यांसाठी, अडलेल्यांसाठी विनंत्या घेतात ना, तेच यंत्राकडून करून घ्यायचं ठरलं होतं. पण म्हाताऱ्यांना बटणं दाबता येईनात. म्हणून त्यानेच बनवणाऱ्यांना सुचवलं होतं, की कुणी 'प्रभू' म्हणून बोलू लागलं की ती विनंती समजा. नाव सांगू नका. जवळच्या ज्या घराला ती पुरी करता येईल, त्या घराच्या पाठात हळूच घाला.

"आणि सभेतली विनंती कुठली, एकटीची कुठली, हे त्याला कसं कळणार होतं?"

शलमोन म्हणाला, "आपल्याकडे दोन्ही एकाच आवाजात करतात. मला सुचलंच नाही."

"मग माझी कुठली प्रार्थना तुमच्यापर्यंत आली?"

"प्रार्थना नाही आली. एवढंच आलं, की आज घरातल्या माणसाजवळ बसा, काही विचारू नका."

हल्ली रोज सकाळी तो चहाचा कप घेऊन तिच्याजवळ येऊन बसायचा. काही बोलायचा नाही. इतक्या वर्षांनी हे काय नवीन, म्हणून ती मनातून सुखावली होती. आता तोच चहा तिला त्या लोणच्यासारखा लागला.

"म्हणजे तेही यंत्रानंच," ती म्हणाली.

"पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "नंतर कधीच नाही. नंतरच्या दिवसांत मला कुणी बसवलं, ते मी सांगू शकत नाही, प्रिसिला. तुला काय झालंय ते मला अजून माहीत नाही."

तेव्हा तिने त्याला सांगितलं. जे मेथीला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. त्याने उपदेश केला नाही, शास्त्रवचनही काढलं नाही. कबरीशी उभं राहताना आपल्यालाही कधीकधी शब्द पोकळ लागतात, एवढंच तो म्हणाला. रविवारी मंडळीला यंत्राचं खरं सांगायला हवं, यावर दोघांचं एकमत झालं. पण एस्तेरबाईंना ते कुठल्या तोंडाने सांगायचं, ते काही ठरेना. झोपण्यापूर्वी प्रिसिलाने धीरवाणीची वायर भिंतीतून उपसून काढली. घर एकदम मोठं वाटू लागलं.

पहाटे पाठ झाला नाही. ती पदर घेऊन बसली, पण काही म्हणाली नाही. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते ठाऊक नव्हतं. ऊन चढलं. बंदीचा भोंगा झाला. ती पीठ मळायला बसली, तोच एस्तेरबाई मनात आल्या. तिने त्यांना झटकलं. त्या पुन्हा आल्या. सवय लागली असेल, तिने स्वतःला बजावलं, यंत्राने आपल्यालाही वळण लावलं असेल. तरी पीठ तसंच टाकून तिने ओला टॉवेल डोक्यावर घेतला, पाण्याचा तांब्या भरला आणि बंदी मोडून ती गल्ली ओलांडून गेली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. त्या घराची वीज रात्रीच गेली होती. पंखा थांबलेला, रुमालाखालचं यंत्रही निवलेलं. एस्तेरबाई भिंतीला टेकून फरशीवर बसल्या होत्या, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. प्रिसिलाने टॉवेल त्यांच्या मानेवर ठेवला आणि घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. आधी प्रिसिलाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या त्या मुक्या डब्याकडे.

"हा तर रात्रीपासून बंद आहे," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला कुणी पाठवलं?"