मिठाईच्या खोक्यातले दिवे

सातवा बल्ब नाकारला गेला, तेव्हा फरानकने चहाचा पेला खाली ठेवला आणि माळ्यावरून वाकून बाबांच्या दुकानात पाहिलं.

लालेझार रस्त्यावर, दिव्यांच्या बाजारात, भर दुपारीही सगळी दुकानं झगमगत असतात. तिथे बल्ब घ्यायला येणारा माणूस दोनच गोष्टी विचारतो – उजेड किती आणि टिकेल किती. हा मात्र काहीच विचारत नव्हता. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, कोटाच्या बाहीला लोकरीचे तंतू चिकटलेले. बाबा बल्ब लावायचे. तो चिमटीतले दोन धागे त्याच्याखाली धरायचा, क्षणभर बघायचा आणि मान हलवायचा... नाही.

"अहो, बल्ब बघताय की मुलगी?" बाबा शेवटी वैतागले. "मुलीलासुद्धा कुणी एवढे नकार देत नाही!"

"मुलगी बघणं सोपं असेल, आगा," तो शांतपणे म्हणाला. "दिवा लागला म्हणून ती रंग बदलत नाही."

फरानकला हसू फुटलं. त्याने दचकून वर पाहिलं. माळ्यावर तिचं छोटं टेबल होतं, सोल्डरिंग गन होती, पोटं फाडलेले बल्ब होते. बाबांच्या मते हा सगळा तिचा पोरखेळ. ती शिडीवरून खाली आली आणि तिने हात पुढे केला. "दाखवा बघू."

दोन्ही धागे लाल होते. मळकट, तपकिरीकडे झुकणारे.

"एकच तर रंग आहे!"

"असं?" तो म्हणाला. "जरा दारापर्यंत चला."

दाराबाहेर लख्ख ऊन होतं. त्याने धागे तिच्या तळहातावर ठेवले... आणि फरानक बघतच राहिली. एक धागा भाजलेल्या विटेसारखा उबदार. दुसरा थंड, खोल, आत कुठेतरी निळसर झाक असलेला. चार वर्षं ती बल्बांच्या उजेडातला लाल रंग यंत्रावर मोजत होती. पण तो तिच्यासाठी पडद्यावरचा आकडाच होता. लाल असा हातात कधी घेतलाच नव्हता तिने!

"हा मंजिष्ठेच्या मुळीचा," तो म्हणाला. "आणि हा किरमिजी, किड्यांपासून काढतात. उन्हात सख्खे शत्रू. तुमच्या बल्बाखाली जुळे भाऊ."

त्याचं नाव आयदिन. वडील उस्ताद हैदर, गालिच्यांचे रफूगार. चाळीस वर्षं घरातल्या एकाच खिडकीशी बसून त्यांनी लोकांचे फाटके, जळके, उंदरांनी कुरतडलेले गालिचे असे सांधले, की मालकाला स्वतःची भोकं सापडू नयेत. गेल्या वर्षी शेजारी सात मजली इमारत उठली आणि खिडकी मेली. उस्ताद बल्बाखाली काम करू लागले. मग एके दिवशी एका जुन्या गिऱ्हाईकाने रफू केलेला गालिचा अंगणात, उन्हात पसरला. मंजिष्ठेच्या लालात दोन बोटं रुंद किरमिजी ठिगळ! तो बिचारा एक शब्द बोलला नाही. गालिचा गुंडाळून परत पाठवला, बस.

"रागावला असता तर परवडलं असतं," आयदिन म्हणाला. "त्या दिवसापासून बाबांनी सुयांची डबी बंद केलीय. डोळे गेले म्हणतात. डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत, तर त्या डॉक्टरवरच विश्वास नाही."

"मग त्यांना उन्हात नेऊन दाखवा ना."

"येत नाहीत. तिथेही दिसलं नाही तर... याची भीती वाटते त्यांना."

"आणि ते ठिगळ? तुम्हीही रफूगारच ना? तुम्ही का नाही उसवत?"

"मी उसवलं, तर बाबा त्या जागेवरून कायमचे उठतील."

एका म्हाताऱ्याची सुई अडली होती आणि ती बल्बापाशी अडली होती – फरानकच्या बल्बापाशी!

"चूक तुमच्या बाबांची नाहीच," ती भराभर बोलू लागली. "लख्ख उजेड देणं वेगळं आणि रंग खरा दाखवणं वेगळं. खोक्यावर रंगाचा आकडा छापतात ना, ती आठ फिक्या रंगांची सरासरी असते. गडद लाल त्यात धरतच नाहीत!"

"म्हणजे... नापास झालेला विषय सोडून टक्केवारी काढायची?"

"अगदी! अगदी तसंच!" चार वर्षांत हे पहिल्यांदाच कुणाला तरी कळलं होतं. आनंदाने तिने टाळीच वाजवली आणि मग उगाच ओशाळली. "फळीवर तसा बल्ब नाही माझ्याकडे. पण मी बनवीन. मंगळवारी या."

"चांगला बल्ब फोडून वाईट करून देते ही," बाबा पुटपुटले.

"मंगळवारी येतो," आयदिन म्हणाला. आणि ते धागे त्याने परत मागितलेच नाहीत.

मंगळवारपर्यंत फरानकने बल्बाची दुधी टोपी उचकटली, आतली इवल्या एलईडी दाण्यांची चकती काढून टाकली आणि रंग खरा दाखवणाऱ्या दाण्यांची नवी चकती बसवली. ती तापू नये म्हणून खाली धातूची जाड पट्टी दिली. उजेड थरथरू नये म्हणून आतलं वीज सांभाळणारं यंत्रही बदललं. धागे बल्बाखाली वेगळे दिसले, तेव्हा ती एकटीच खुदकन हसली. आयदिन आला, त्याने पाहिलं, त्याचे डोळे विस्फारले. बल्ब कोटात गुंडाळून तो जवळजवळ पळतच गेला.

शनिवारी परत आला.

"बाबा ओझरतं बघून म्हणाले – मेलेला आहे."

"मेलेला? माझा बल्ब?" फरानकचं नाकच लाल झालं. "थांबा!"

तिने गडद लाल दाणे आणखी घातले. तो घेऊन गेला, परत आला. तिने टोपी बदलली. तो घेऊन गेला आणि... पुन्हा आला. आता येताना त्याच्या हातात गाडीवरचं गरम बीट असायचं, लिंबू पिळलेलं, दोघांपुरतं. तिचे बाबा वर्तमानपत्र उलटं धरून वाचू लागले होते.

"खरं सांगा, आयदिन आगा," एकदा तिने बिटाचा तुकडा उचलता उचलता विचारलं. "उस्ताद खरंच नाही म्हणतात, की...?"

"खरंच म्हणतात हो!" तो कानापर्यंत लाल झाला असावा, दुकानातल्या उजेडात काही ठरवता येईना. "मी फक्त... ऐकून तेवढा नाराज होत नाही."

फरानकने खाली पाहिलं. बोटं बिटाने माखली होती.

"गुरुवारी मीच येते घरी," ती म्हणाली. "मला जागा बघायचीय."

बल्ब फुटू नयेत म्हणून तिने ते मिठाईच्या खोक्यात, कागदी जाळीत बसवले आणि वर सोनेरी दोरी बांधली. बाकी काही मनात नव्हतं तिच्या. पण त्यांच्या जिन्यात एका शेजारीणबाईने ते खोकं पाहिलं, आयदिनला पाहिलं आणि दोन्ही हात गालावर ठेवले. "अगो बाई! आता मुलीच मिठाई घेऊन मागणी घालायला येतात? मुबारक हो, मुबारक!"

फरानकला जिना गिळेल तर बरं असं झालं. दारात आयदिनची आई, सोलमाझ खानम, उभी होती. तिने खोकं घेतलं, दोरी सोडली आणि आत डोकावून म्हणाली, "छान आहेत. हे चहाबरोबर खायचे की नुसते?"

आतल्या खोलीत तो परत आलेला गालिचा पसरला होता. पलीकडच्या टोकाला, काळ्या पडलेल्या खिडकीखाली, उस्ताद हैदर त्याच्याकडे पाठ करून बसले होते. बारीक अंगाचे, बोटं सुयांनी खरखरीत झालेली. फरानकने स्टुलावर चढून छताच्या मधोमध आपला सगळ्यात चांगला बल्ब लावला आणि उतरून दाराशी बसली. आयदिनने बटण दाबलं.

केवढा तो गालिचा! डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल, मध्ये निळ्या वेली, वेलींत इवलीशी पिवळी फुलं. आपल्या हातच्या उजेडात एवढं सगळं आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

उस्तादांनी बसल्या जागी वळून गालिच्याकडे तोंड केलं, पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मेहनत केलीस, पोरी. देव तुझ्या हाताला यश देवो," ते मऊपणे म्हणाले. "पण नाही."

फरानकचे डोळे भरून आले. "पण मला तर दिसतंय! इथून सगळं दिसतंय, उस्ताद!"

"तू कुठे बसलीयस?"

"दाराशी."

"हं. इकडे ये. माझ्या बाजूला ये."

ती गालिच्याच्या कडेकडेने गेली, त्यांच्याशेजारी बसली... आणि हा तो गालिचा नव्हताच! तेच धागे, तीच फुलं, पण सगळं खोल, गडद, संध्याकाळ झाल्यासारखं. लाल एकात एक बुडून गेले होते.

"गालिच्याची लोकर एका अंगावर झोपते," उस्ताद म्हणाले. "तिच्या पाठीवरून बघशील तर चमकतो. पाहुणे तिथे बसतात. रफूगार इथे बसतो, तिच्या तोंडासमोर. इथे रंग जुळला तरच जुळला."

फरानकने चार वर्षं उजेड मोजला आणि एकाच गालिच्यात दोन गालिचे राहतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने मान वर करून त्या मेलेल्या खिडकीकडे पाहिलं.

"उस्ताद, खिडकीचा उजेड तुमच्या मागूनच यायचा ना? डाव्या खांद्यावरून?"

"चाळीस वर्षं."

"मग मी वेडी, छताला काय लटकवतेय!" ती उठलीच. "आयदिन, वायर दे. अजून. ते स्टूल धर!" अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. वायर खिडकीच्या चौकटीपर्यंत आली. बल्ब बरोबर तिथे टांगला, जिथून पूर्वी आभाळ यायचं. या वेळी बटण तिने स्वतः दाबलं.

उजेड उस्तादांच्या खांद्यावरून उतरला आणि लोकरीच्या आत शिरला. फरानकला दिसलं – लाल एक नव्हताच, पाच-सहा होते! जुना लाल, उन्हाने विटलेला लाल, विणणारीचा एक रंग संपून दुसरा सुरू झाला तो लाल. कुणी एक बाई शंभर वर्षांपूर्वी कुठेशी बसली होती आणि तिची लोकर कुठल्या ओळीत संपली, ते इथे, आज दिसत होतं. सोलमाझ खानम ट्रे घेऊन दारातच थबकली होती.

उस्तादांचा हात गालिच्यावरून सरकत गेला आणि एका जागी थांबला. दोन बोटं रुंद.

फरानकने ते ठिगळ ओळखलं. आपल्या दिव्याने म्हाताऱ्याला दाखवलं ते हेच?

"चुकलोय," उस्ताद पुटपुटले. मग मोठ्याने, "किरमिजी आहे हे! अरे, ढळढळीत किरमिजी! चुकलोय मी!" त्यांचे डोळे वाहत होते आणि ते हसत होते. "दिसतंय मला. सोलमाझ, माझी चूक दिसतेय मला! सुयांची डबी कुठंय?"

डबी आली. सुई निघाली. किरमिजी टाका उसवून त्यांनी मंजिष्ठेचा धागा ओवला, पहिल्याच फटक्यात. आयदिनने तोंड भिंतीकडे वळवलं आणि बाहीने डोळे पुसले.

मग तो फरानकपाशी येऊन बसला. तिच्याकडे बघत राहिला.

"तुझ्या दिव्यात एक खोट आहे," तो हळूच म्हणाला.

"कसली?" ती फणकारली.

"काही लपत नाही."

तिला उमगलं. गडद लाल, तिने आपल्या हाताने दाणा दाणा मोजून घातलेला... आणि तिचे गाल! ती बटणाकडे झेपावली.

"खबरदार!" उस्ताद मान वर न करता ओरडले. "मी काम करतोय."

ती मुकाट्याने बसली. गाल आणखीच पेटले.

"मी नाराज का होत नव्हतो, ते विचारलंच नाहीस कधी," आयदिन म्हणाला.

"दिसत होतं."

"दुकानातल्या त्या बल्बांखाली?"

"त्यातसुद्धा," फरानक म्हणाली. आणि या वेळी तिने तोंड वळवलं नाही.

निघताना तिने ते खोकं शोधलं, तर सोलमाझ खानमने ते आधीच कपाटावर चढवून ठेवलं होतं.

"ते राहू दे इथेच. कुणाचं खोकं रिकामं परत करत नाहीत. पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं ते भरून घेऊन येऊ. तुझ्या बाबांना सांग हो."

"आणि हेही सांग," उस्ताद टाका ओढत म्हणाले, "त्या दिवशी घरात तुझा दिवा लावा. सून नीट बघायचीय मला."