तिसऱ्या गाडीची जागा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली, आणि अजूनही घडते आहे. हवी तर माझ्याकडून शपथ घ्या. मावशीला मात्र काही विचारायला जाऊ नका. ती आधीच फार थकली आहे.

आणि हो, यात अमावस्या नाही, अंधार नाही, रडणारी कुत्री नाहीत. जे झालं ते भर दुपारी, लख्ख उन्हात झालं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मावशी शाळेची व्हॅन चालवते. एकवीस वर्षं झाली. पहाटे उठायचं, मुलांना शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं. पूर्वी दुसरी व्हॅन काका चालवायचे. मग त्यांच्या पाठीने दगा दिला. मणक्याची दोन ऑपरेशनं झाली आणि काका अंथरुणाला खिळले. दुसऱ्या व्हॅनवर पगारी ड्रायव्हर आला.

दोन्ही गाड्या वर्षानुवर्षं रस्त्यावर उभ्या. कधी आरसा फुटायचा, कधी बॅटरी गायब व्हायची. म्हणून मावशीने एकच ध्यास घेतला होता. खाली मोठं गॅरेज, वर दोन खोल्या. "खाली गाड्या, वर आम्ही. मग मरेपर्यंत कुणाचा दरवाजा वाजवायला नको."

गावाबाहेरच्या गल्लीत, अगदी टोकाला, जमीन मिळाली. गॅरेज आखलं ते तीन गाड्यांचं.

"अगं, गाड्या दोनच आहेत आपल्या," काका म्हणाले.

"तिसरी घेऊ तेव्हा भिंत पाडत बसू का?"

काम चौदा महिने चाललं. त्या चौदा महिन्यांत मावशी दहा वर्षांनी म्हातारी झाली. सकाळच्या फेरीआधी भिंतींवर पाणी मारायचं, फेरी झाली की वाळूवाल्याच्या मागे लागायचं, दुपारची फेरी करून पुन्हा पाणी मारायचं. एकदा सिग्नलला तिचा डोळा लागला. मागच्या सीटवरच्या मुलीने हलवून उठवलं, "काकू, हिरवा झाला."

मग खालचा कोबा घातला.

मिस्त्रीने कडेने मातीचे बांध घातले आणि आत चार बोटं पाणी भरलं. रात्रभर मुरू दे म्हणाला. सकाळी मावशी बघायला गेली...

डावीकडे पाणी होतं. उजवीकडे पाणी होतं.

मध्ये कोरडं.

एका व्हॅनएवढं लांब, एका व्हॅनएवढं रुंद. पाणी तिथवर येऊन थांबलं होतं. तिथे बांध नव्हता, काहीच नव्हतं.

"उंचवटा राहिला असेल, ताई," मिस्त्री म्हणाला. त्याने लेव्हल लावली. बुडबुडा अगदी मधोमध. मग त्याने बादली आणून स्वतःच्या हाताने मध्ये ओतली. पाणी दोन्ही बाजूंना निघून गेलं, गाडीच्या चाकांना अडून वळावं तसं.

मिस्त्रीने रिकामी बादली बाजूला ठेवली.

"काळजी करू नका, ताई. तडकणार नाही."

 कोबा तडकू नये, एवढंच मावशीला हवं होतं.

पुढे एक गोष्ट तिच्या लक्षात यायला लागली. मजूर सिमेंटच्या गोण्या डावीकडे रचत, उजवीकडे रचत. मध्ये कुणीच काही ठेवत नसे. चालतानासुद्धा वळसा घालून जात. पहिल्यांदा गाडी आत लावताना ड्रायव्हरने भिंतीला आरसा घासला.

"अरे, मध्ये एवढी जागा मोकळी आहे ना!"

ड्रायव्हरने वळून बघितलं. गोंधळला.

"आहे की... मला वाटलं, गाडी उभी आहे."

जानेवारीत ते राहायला गेले. काकांना नव्या जागेत झोप लागेना. गादी खिडकीपाशी हलवली, भिंतीपाशी हलवली, शेवटी पुढच्या खोलीत मधोमध टाकली. त्या रात्री काका सलग सात तास झोपले. चार वर्षांत पहिल्यांदा.

"इथली फरशी गरम आहे गं. पाठीला शेक बसतो."

मावशीने हात लावून बघितला. खरंच गरम होती. नुकतीच गाडी बंद केल्यावर बॉनेट लागतं, तितकी. आणि ती फरशी खालच्या मधल्या जागेच्या बरोबर वर होती.

गादी तिथून हलवावी असं तिला वाटलं. पण काकांचा चेहरा बघून तिने नुसती चादर नीट केली.

झोपू दे त्यांना, तिने मनाशी म्हटलं.

मार्चमधला मंगळवार. मावशी नेहमीसारखी सव्वाचारला घरी आली, चहा केला, काकांना उशीला टेकवून बसवलं. काका म्हणाले, "हल्ली दुपारी फार गप्प असतेस."

"दुपारी मी असते कुठे घरात?"

"म्हणजे काय? सव्वातीनला येतेस की रोज. शटर वाजतं. गाडी बंद होते. जिना चढतेस आणि मधल्या पायरीवर बसतेस. मी विचारतो, दमलीस का? तू म्हणतेस, हं."

मावशीने कप खाली ठेवला.

"आणि मग?"

"मग काय, मी बोलत राहतो. तू नुसती हं, हं करतेस. थोड्या वेळाने खाली जातेस. मला वाटायचं, दुसरी फेरी असेल."

सव्वातीनला मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला असते. शाळेच्या फाटकासमोर, गाडीत अकरा मुलं घेऊन.

काकांच्या गादीवरून जिना दिसत नाही. उठून बघणं त्यांना शक्यच नाही. आणि जिना गॅरेजच्या आतून आहे. शटरला बाहेरून कुलूप असतं. किल्ली एकच, मावशीच्या कमरेला.

शनिवारी शाळा लवकर सुटते. त्या शनिवारी मावशी दोनलाच घरी आली. शटर आतून लावलं, कुलूप घातलं आणि काकांजवळ बसून राहिली.

सव्वातीन.

खाली शटर खडखडलं...

इंजिनाची घरघर आत आली. थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज. किल्ल्यांची खुळखुळ.

मग पावलं. एकेक पायरी, जड, कठड्याचा आधार घेत. मधल्या पायरीवर कुणीतरी बसलं. आणि मग एक लांब श्वास...

मावशी मला म्हणाली, "तो श्वास मी ओळखला गं. तो माझाच होता. दिवसभराचं सगळं ओझं टाकून मी तसाच सोडते."

काकांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. ते एकदा तिच्याकडे बघत, एकदा दाराकडे. पण तोंडातून सवयीने निघूनच गेलं,

"दमलीस का?"

जिन्यातून आवाज आला,

"हं..."

मावशी ताडकन उठून धावली. जिना रिकामा होता. गॅरेजमध्ये भिंतीलगत तिची स्वतःची व्हॅन, बाकी काही नाही. शटरचं कुलूप जसंच्या तसं. फक्त मधली पायरी कोमट होती.

तिला भीती वाटायच्या आधी राग आला. हाडं झिजवून घर बांधलं मी, आणि ही कोण आयती येऊन बसणार? तिने स्वतःची व्हॅन काढली आणि बरोबर मध्ये लावली. फेऱ्यांसाठी भाड्याची गाडी घेतली, ही तिथून हलवलीच नाही.

आठ दिवस काही आवाज झाला नाही.

आणि आठ दिवस वरची फरशी थंडगार. काकांची पाठ पुन्हा आखडली. शेकायच्या पिशव्या झाल्या, गोळ्या झाल्या. कुशीवर वळवलं तरी ते ओरडायचे. आठव्या दिवशी ते लहान मुलासारखे रडले, "मला मोकळं कर गं आता."

नवव्या दिवशी सकाळी मावशी खाली गेली. व्हॅन मागे घेतली आणि भिंतीलगत लावली.

"मीच तिला जागा करून दिली," मावशी म्हणाली. "दुसरं काय करणार होते?"

तिने मिस्त्रीकडून आजूबाजूला चौकशी करवली. तिथे आधी काहीच नव्हतं. विहीर नाही, अपघात नाही, कुणी गेलेलं नाही. नुसतं माळरान.

मग नवरा-बायकोने एक खूण ठरवली. शटर उघडलं की मावशी खालूनच मोठ्याने ओरडणार, "मी आले हो!" कारण ती दुसरी कधी शब्द बोलत नाही. हुंकाराशी आपण बोलायचंच नाही.

काही महिने हे नीट चाललं. सवयीचं झालं.

गेल्या महिन्यात एकदा शाळा लवकर सुटली आणि मावशी सव्वातीनलाच घरी आली. गाडीतून उतरली, शटरच्या कुलपात किल्ली घातली. अजून फिरवलीही नव्हती...

आतून आवाज आला.

"मी आले हो!"

तिचाच आवाज. तितकाच थकलेला.

आणि वरून काका म्हणाले, "ये, ये. आज लवकर सुटलीस का?"

मावशीने किल्ली काढून घेतली आणि परत गाडीत जाऊन बसली. अर्धा तास.

"धावत वर का नाही गेलीस?" मी तिला विचारलं.

"जाणार होते.  पण तेवढ्यात हे हसले गं वर. मोठ्याने. मी घरी गेले की जेवण, औषधं, अंग पुसणं... माझ्याशी हसायला त्यांना कधी वेळच मिळत नाही."



परवा मी तिला भेटायला गेले. गल्लीच्या टोकाला व्हॅन उभी होती, शटर बंद. मावशी स्टिअरिंगवर हात टेकून आत बसली होती.

"तू हो वर," ती म्हणाली. "मी येतेच." आणि तिने किल्ली माझ्यासमोर धरली.

मी ती घेतली नाही. दार उघडून तिच्या शेजारच्या सीटवर बसले.

वरची खिडकी उघडी होती. काका कुणाला तरी काहीतरी सांगत होते, अगदी रंगात येऊन. मधूनच थांबत होते, कुणीतरी उत्तर देत असावं तसे.

मावशीचे डोळे मिटले होते. मी ऐकत बसले होते.